पैलूंचे पैसे : हिऱ्याला कोणता कट, रंगीत खड्याला कोणता

नवागाम, डिंडोली, लिंबायत, उधना या सुरतेच्या पट्ट्यात धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेली हजारो मराठी घरं आहेत. बहुतेकांचं पोट कापडावर चालतं, पण हिऱ्याच्या कारखान्यात घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, बसणारा एखादा तरी भाचा किंवा मेहुणा नात्यात निघतोच. त्यामुळे साखरपुड्याची अंगठी ठरली की घरात दोन सल्ले एकदम येतात. भाचा म्हणतो, “राउंडच घ्या मामा, त्याच्यासारखी चमक दुसऱ्या कशात नाही.” गावाकडचे गुरुजी म्हणतात, “पुष्कराज घाला, पाच रत्तीच्या खाली नको.” भाच्याचं म्हणणं हिऱ्यापुरतं खरं आहे. ते पुष्कराजाला किंवा पाचूला लावलं की पैसे वाया जातात. गुरुजींच्या सल्ल्यात वजन आहे, पण कटाचा उल्लेखच नाही, आणि खराब कटाचा माल नेमका याच फटीतून गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडतो.

एवढं पक्कं लक्षात ठेवून दुकानात शिरावं : हिऱ्यात आपण उजेडाचे पैसे मोजतो, रंगीत खड्यात रंगाचे. कट दोन्हीकडे महत्त्वाचा असला तरी त्याचं काम दोन्हीकडे वेगळं आहे. म्हणून हिऱ्यात जिथे जादा पैसे द्यावेत तिथे रंगीत खड्यात देऊ नयेत.

उजेड कुठून परत येतो

थोडं शास्त्र सांगतो, कारण ते कळलं की दुकानात निम्मे प्रश्न आपोआप सुचतात. खड्यात शिरलेला प्रकाश तळाच्या पैलूंवर आपटून परत वर आला तर खडा चमकतो. तो तळातून निसटला तर मधोमध फिकट भोक पडल्यासारखं दिसतं. प्रकाश परतेल की निसटेल हे त्या पदार्थाच्या अपवर्तनांकावर ठरतं. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४१७ आहे. त्यामुळे तळाच्या पैलूवर साधारण साडेचोवीस अंशांपेक्षा जास्त तिरका येणारा प्रकाश बाहेर पडूच शकत नाही, तो आतच वळतो. माणिक आणि नीलम एकाच खनिजाचे, त्यांचा अपवर्तनांक सुमारे १.७७, आणि हीच मर्यादा साडेचौतीस अंशांच्या आसपास. पाचूचा १.५८ धरला तर मर्यादा ३९ अंशांवर जाते. ॲमेथिस्ट, सिट्रीन यांसारख्या स्फटिकांची तर ४० अंशांच्या वर.

याचा व्यवहारातला अर्थ असा. हिऱ्याच्या तळाचा कोन ४१ अंशांच्या आसपास ठेवला की भरपूर अंतर हाताशी राहतं. बोट जरा हललं तरी चमक मोडत नाही. तोच कोन ॲमेथिस्टला दिला तर तो काठावर असतो, खडा किंचित कलला की प्रकाश गळतो. १९१९ साली मार्सेल टोल्कोव्स्की यांनी गोल हिऱ्याचं गणित मांडलं. वरच्या पैलूंचा कोन साडेचौतीस अंश, खालच्यांचा पावणेएक्केचाळीस, टेबल, म्हणजे वरचा सपाट पैलू, रुंदीच्या ५३ टक्के. आजचा ५७ पैलूंचा राउंड याच गणिताच्या आसपास फिरतो, टोकाला बारीक पैलू ठेवला तर ५८. हे गणित हिऱ्याचं आहे. ते तसंच्या तसं माणकाला लागू होत नाही, आणि रंगीत खड्यासाठी ‘आदर्श राउंड’ असा भाव सांगणाऱ्या दुकानदाराला म्हणून जरा थांबवावं.

दुसरा फरक रंगाचा. जवळजवळ बिनरंगी हिऱ्यात पाहायचं असतं ते लखलखणं आणि पांढऱ्या उजेडातून फुटणारे रंगीत कण. माणकात तुम्हाला लाल हवं असतं, सलग, काठापासून काठापर्यंत. फार लखलखाट झाला तर उलट रंग तुटक दिसतो. रंगीत खड्यात ओव्हल, कुशन आणि चौकोनी पायऱ्यांचे कट जास्त दिसतात त्याचं एक कारण हे. दुसरं कारण कच्च्या मालाच्या आकाराचं. ते पुढे येईलच.

गोल हिरा महाग का पडतो

कच्चा हिरा पुष्कळदा दोन पिरॅमिड तळाशी जोडल्यासारखा येतो. त्यातून गोल काढताना निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त माल भुकटी होऊन जातो. चौकोनी प्रिन्सेसमध्ये त्यातला बराच वाचतो. वाया गेलेल्या मालाचे पैसे गिऱ्हाइकाच्या बिलात येतात. म्हणून नैसर्गिक हिऱ्यात त्याच वजनाचा, त्याच रंगाचा आणि त्याच स्वच्छतेचा ओव्हल, पेअर किंवा कुशन राउंडपेक्षा बहुधा १० ते ३० टक्क्यांनी स्वस्त मिळतो. ओव्हल सध्या चलतीत आहे, त्यामुळे त्याचा फरक कमी होत चाललाय.

आकडे सांगतो, पण ते किरकोळ दुकानातले ढोबळ पट्टे आहेत. हिऱ्याचा भाव महिन्यागणिक हलतो. एक कॅरेटचा, रंगाने जी-एच आणि स्वच्छतेने व्हीएस-एसआय दर्जाचा नैसर्गिक राउंड अडीच ते सहा लाखांच्या दरम्यान. लॅबमध्ये वाढवलेला तशाच दर्जाचा हिरा पंधरा ते चाळीस हजारांत. लॅबच्या हिऱ्यात कच्चा मालच स्वस्त असल्याने राउंड आणि इतर शेपमध्ये किमतीचा फरक फार उरत नाही. तिथे शेप निव्वळ आवडीने निवडावा. नैसर्गिक घेताय आणि बजेट चार लाखांचं आहे, तर वीस टक्क्यांचा फरक म्हणजे ऐंशी हजार रुपये. नवागामातल्या घरात त्या रकमेत मुलीच्या गळ्यातलं आणखी काहीतरी होऊ शकतं, म्हणून हा फरक विचारल्याशिवाय राउंडवर शिक्का मारू नये.

शिवाय एक कॅरेटचा राउंड साधारण साडेसहा मिलिमीटर दिसतो, तर तेवढ्याच वजनाचा ओव्हल जवळपास ७.७ बाय ५.७. बोटावर ओव्हल मोठा वाटतो. ओव्हल, पेअर आणि मार्कीजमध्ये एक खोड तपासावी लागते. मधोमध आडवी काळी सावली पडते, ‘बो-टाय’ म्हणतात तिला. अंगठी डावी-उजवी हलवून पाहा. सावली येऊन जात असेल तर चालेल, ठाण मांडून बसत असेल तर दुसरा हिरा मागा. जीआयए ही संस्था २००६पासून कटाची श्रेणी देते ती साध्या राउंडलाच. फॅन्सी शेपच्या, म्हणजे राउंड सोडून इतर आकारांच्या, कागदावर तो रकाना शोधून गिऱ्हाईक गोंधळतं, तेव्हा डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही. राउंड घेताना मात्र सर्वांत वरच्या कट श्रेणीसाठी पैसे द्यावेत, रंगात किंवा स्वच्छतेत एक पायरी खाली उतरूनही. हिऱ्यात कट हीच चमक आहे.

पूर्ण एक कॅरेट हा आकडा फार महाग विकला जातो हेही ध्यानात असू द्या. ०.९५ कॅरेट आणि १.०० कॅरेट यांत व्यासाचा फरक मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांचा, बोटावर कुणाला कळायचा नाही. भाव मात्र उडी मारतो.

रंगीत खड्याचं पोट

आता खरी गोची. रंगीत खड्याला प्रमाणपत्र असलं तरी त्यावर कटाची श्रेणी बहुधा नसते. भाव कॅरेटवर. मग खाणीजवळ पैलू पाडणारा वजन वाचवण्यासाठी खड्याचा तळ जाड ठेवतो. व्यापारात याला सरळ ‘पोट’ म्हणतात. वरून खडा तेवढाच दिसतो, पण पोटात लपलेल्या वजनाचे पैसे तुम्ही भरता.

किती, ते मोजून बघू. ओव्हल खड्याचं वजन घरबसल्या काढायचं सूत्र आहे : लांबी × रुंदी × खोली, सगळं मिलिमीटरमध्ये, गुणिले खनिजाची घनता, गुणिले ०.००२. नीलम, पुष्कराज आणि माणकाची घनता ४ धरा. आठ बाय सहाचा पुष्कराज, खोली ४ मिलिमीटर, तर वजन दीड कॅरेटच्या जरा वर. तोच आठ बाय सहा, पण पोट सुटलेला, खोली ५.२ मिलिमीटर, तर वजन दोन कॅरेट. भाव समजा कॅरेटला वीस हजार. पहिला एकतीस हजारांच्या आत, दुसरा चाळीस हजार. नऊ हजारांहून जास्त रक्कम अशा भागासाठी गेली जो अंगठीच्या आत आहे आणि कुणाला दिसणार नाही. पुन्हा दोन कॅरेटचा टप्पा गाठला म्हणून दर कॅरेटचा भाव वाढवला तर फटका आणखी मोठा. अंगठीला मागून भोक ठेवायची आपली रीत आहे, खडा कातडीला लागावा म्हणून. तिथे फुगलेलं पोट रोज बोटाला टोचतं तेही वेगळंच.

सगळंच पोट वाईट असतं असं मात्र नाही. फिकट पिवळ्या पुष्कराजात किंवा फिकट निळ्या नीलमात खोली जास्त असली की प्रकाशाला आत लांब वाट मिळते आणि रंग गडद दिसतो. उलट गडद नीलम खोल केला की शाई ओतल्यासारखा काळवंडतो. त्याला उथळ कटच शोभतो. ढोबळ माप असं : खोलीला रुंदीने भागा. ६० ते ८० टक्के ठीक. त्याच्या वर गेलं आणि खडा फिकट नसेल, तर भावात कपात मागा. वरच्या हिशेबातला पहिला खडा ६७ टक्के, दुसरा ८७. दुकानात डिजिटल कॅलिपर असतोच, तीन मापं मागायला लाजू नका.

पोटाच्या उलट दोष म्हणजे उथळ खडा. तो वरून मोठा दिसतो, वजनाला हलका आणि म्हणून स्वस्त वाटतो. पण मध्यभागी ‘विंडो’ पडते. तपासायची रीत सोपी आहे. खडा सुटा असताना, टेबल वर करून छापील मजकुरावर ठेवा. मधल्या भागातून अक्षरं वाचता आली तर विंडो आहे. थोडीशी विंडो पुष्कळ खड्यांत असते. अर्धा चेहरा रिकामा असेल तर घेऊ नका. अंगठीत बसवल्यावर मागची बाजू सोन्याने झाकली जाते, त्यामुळे रंगीत खडा नेहमी सुटा पाहूनच ठरवावा. तोही दुकानातल्या पिवळ्या स्पॉटलाइटखाली पाहून भागत नाही. सुरतेच्या उन्हाला तोटा नाही, दारात येऊन सावलीत, दिवसाच्या उजेडात पाहा.

कोणत्या खड्याला कोणता कट

माणिक, नीलम, पुष्कराज यांना ओव्हल किंवा कुशन. कच्चे स्फटिक लांबट किंवा चपटे येतात, रंग आत पट्ट्यापट्ट्यांनी बसलेला असतो. श्रीलंकेच्या नीलमात कारागीर कधी कधी रंगाचा ठिपका मुद्दाम तळाशी टोकाजवळ ठेवतो आणि तो पैलूंतून सगळ्या खड्यात पसरलेला दिसतो. कौशल्य इथे दिसतं. खडा कलवून पाहिला की रंग एका कोपऱ्यात पळतो का ते बघा. समोरून पाहताना रंग सलग असेल तर काही बिघडत नाही. गोल नीलम मिळतो, पण त्यासाठी कच्चा माल जास्त गेलेला असतो, भाव चढा. गोलच हवा असा काही आग्रह नसेल तर ते पैसे रंगात घाला.

पाचूला त्याच्याच नावाचा एमराल्ड कट, म्हणजे कोपरे कापलेला आयत आणि पायऱ्यांसारखे पैलू. पाचूचा स्फटिक लांब षट्कोनी खांबासारखा असतो, त्यात आयताला कमी माल जातो. पाचू भेगाळ आणि ठिसूळ असतो, टोकदार कोपरा लगेच टवका सोडतो. कापलेले कोपरे त्याला वाचवतात. आणि रुंद सपाट पैलूंतून हिरवा रंग संथ दिसतो. पाचूची घनता २.७२ आहे, हिऱ्याची ३.५२. म्हणून एक कॅरेटचा पाचू एक कॅरेटच्या हिऱ्यापेक्षा मोठा दिसतो आणि एक कॅरेटचा नीलम लहान. हिऱ्याच्या अंगठीचं कॅरेट मनात धरून नीलमाचं वजन ठरवलं की घरी आल्यावर अंगठी लहान वाटते ती यामुळेच. रंगीत खड्यात मिलिमीटर आधी ठरवावे, कॅरेट नंतर.

तोच एमराल्ड कट हिऱ्याला घेतला तर हिशेब बदलतो. पायऱ्यांच्या सपाट पैलूंत आतला डाग लपत नाही, रंगाची पिवळसर झाकही दिसते. तिथे स्वच्छतेत व्हीएसच्या खाली जाऊ नये. राउंडमध्ये चालून जाणारा एसआय हिरा एमराल्ड कटमध्ये डोळ्यात खुपतो. पाचूत मात्र आतल्या रेषा असायच्याच, त्या धरूनच भाव ठरतो.

टूर्मलीन लांब काड्यांसारखा वाढतो, म्हणून लांब आयत. गोमेद बहुधा ओव्हल. ॲमेथिस्ट, सिट्रीन, निळा पुखराज म्हणून विकला जाणारा ब्लू टोपाझ हे स्वस्त आणि मुबलक, कॅरेटला शंभर ते पाचशे रुपयांत चांगले मिळतात. इथे कच्च्या मालाची काटकसर करायचं कारणच नाही, म्हणून इथे कटाबाबत चोखंदळ व्हा : नेमके पैलू, विंडो नाही, दोन्ही बाजू सारख्या. स्वस्त खड्याचा वाईट कट मी तरी कुणाला घेऊ देणार नाही.

पोवळं, लसण्या, ओपल, मूनस्टोन, स्टार माणिक हे घुमटाकार, बिनपैलूंचे. बाजारात ‘कॅबोशॉन’ किंवा नुसतं ‘कॅब’. लसण्याची रेघ आणि स्टारची चांदणी आत समांतर असलेल्या सूक्ष्म सुयांवरून प्रकाश परतल्याने उमटते, आणि ती घुमटावरच एकवटते. पैलू पाडले तर ती दिसणारच नाही. इथे तपासायचं ते असं : मोबाइलचा दिवा वरून धरा, रेघ मधोमध आणि सरळ पडली पाहिजे. कॅबच्या तळाशी जाड भार सोडलेला असतो, तो पोटाचाच प्रकार. सुरतेजवळच कॅबची जुनी परंपरा आहे. भरुच जिल्ह्यात रतनपूर भागात निघणारा अकीक खंभातेत भाजून, घासून मणी आणि कॅब होतो. ही कारागिरी हडप्पा काळापासून चालत आलेली आहे. अकीक फार स्वस्त, पण चांगल्या घुमटाची नजर त्यावर फुकट तयार होते.

एक अपवाद सांगायलाच हवा. गडद पिवळा हिरा घ्यायचा असेल तर तो हिरा असूनही रंगीत खड्याच्या नियमाने घ्यावा. गोल कटात पिवळा फिका पडतो, कुशन आणि रेडियंटमध्ये साठून गडद दिसतो. पिवळे हिरे म्हणूनच बहुधा याच शेपमध्ये असतात.

वजन आणि रूप यांतली ही ओढाताण आपल्याच भागातल्या एका हिऱ्याने पुरती भोगली आहे. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला, जगात ‘नासक’ नावाने ओळखला जाणारा नाशिकचा हिरा १८१८मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांच्या हाती गेला. तेव्हा तो नव्वद कॅरेटच्या आसपास होता, भारतीय पद्धतीने वजन राखून घासलेला. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या सराफांनी तो पुन्हा घासला. १९४०मध्ये हॅरी विन्स्टन यांनी पॅरिसमध्ये तो विकत घेऊन पुन्हा पैलू पाडले आणि उरला ४३.३८ कॅरेट, एमराल्ड कटमध्ये. निम्म्याहून जास्त वजन चमकेसाठी गेलं. हिऱ्यात हा सौदा व्यापाऱ्याला परवडतो. तेवढंच वजन पाचूतून घालवायला जयपूरचा कारागीर सहसा तयार होणार नाही, कारण तिथे रंग वजनाबरोबरच जातो.

रत्ती कोणती?

पाच रत्ती म्हटलं की पहिला प्रश्न विचारा, कोणती रत्ती. सोनाराची गुंज म्हणजे सुमारे १२१.५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.६ कॅरेट. खड्यांच्या दुकानात चालते ती साधारण ०.९१ कॅरेटची. पाच रत्ती एका हिशेबाने तीन कॅरेट, दुसऱ्याने साडेचार. वीस हजार भावाने तो फरक तीस हजारांचा झाला. कॅरेट ठरलेलं आहे, २०० मिलिग्रॅम. बिलावर आणि प्रमाणपत्रावर कॅरेटच लिहून घ्या. गुरुजींना विचारून घ्यायला हरकत नाही की त्यांचं माप नक्की कोणतं. बहुतेक जण स्वतःच सांगतात की थोडं इकडेतिकडे चालेल. मग पाच रत्तीचं पोट घेण्याऐवजी चार रत्तीचा नीट कटाचा खडा घेता येतो.

कुठे घ्यायचं

स्टेशनपलीकडे महिधरपुऱ्यात रस्त्यावर उभं राहून पुड्यांतला हिरा विकला जातो, वराछ्यात मिनी बाजार आहे, आणि खजोदला सुरत डायमंड बोर्सची अवाढव्य इमारत १७ डिसेंबर २०२३ला सुरू झाली. जगात पैलू पडणाऱ्या दर दहा हिऱ्यांतले नऊ या शहरातून जातात असं म्हणतात. तरी हा ठोक बाजार आहे, ओळखीवर आणि जांगडवर, म्हणजे पसंत पडला तर ठेवायच्या बोलीवर, चालणारा. भाच्याच्या शेठकडून हिरा मिळत असेल तर जरूर घ्या, भाव चांगला पडतो. पण पक्कं बिल आणि प्रयोगशाळेचा कागद घ्या, आणि हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे कडेवर, लेझरने कोरलेला क्रमांक कागदाशी जुळवून पाहा. बिलाशिवाय वाचलेला कर पुढे हिरा परत द्यायची वेळ आली की कितीतरी पटीने जातो.

रंगीत खड्यासाठी सुरत ही पहिली जागा नाही. हिरा हिऱ्याच्याच भुकटीने, लोखंडी चकतीवर घासला जातो, तोही ठराविक दिशेनेच. पाचू, नीलम यांच्या चकत्या वेगळ्या, पावडरी वेगळ्या, हात वेगळा. ते काम जयपूरचं. घंटीवर वीस वर्षं बसलेला माणूसही पाचूला हात लावताना कचरतो, आणि त्याने कचरावंच. म्हणून पोट सुटलेला पुष्कराज “आपण इथेच जरा घासून घेऊ” असं कुणी म्हणालं तर थांबा. पुन्हा घासण्यात मजुरी जाते, वजन जातं, आणि प्रमाणपत्रही नवं काढावं लागतं. वर मोजलेला दोन कॅरेटचा खडा दीडवर आला तर अर्धा कॅरेट तुमच्याच खिशातून गेला. खरेदीच्या वेळीच नीट कट निवडणं स्वस्त पडतं.

तपासणीला मात्र सुरत उत्तम. कतारगामला इंडियन डायमंड इन्स्टिट्यूट १९७८पासून आहे, आणि मोठ्या प्रयोगशाळांची केंद्रंही शहरात आहेत. खड्यानुसार फी काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत. पाच हजारांच्या वरचा कुठलाही रंगीत खडा तपासल्याशिवाय घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. कागदावर तीन गोष्टी वाचा : नैसर्गिक की कृत्रिम, तापवलेला आहे का, भेगांत काच किंवा तेल भरलंय का. तापवलेला नीलम चालतो, तो व्यापाराचा मान्य भाग आहे. काच भरलेलं माणिक कॅरेटला काही शे रुपयांचं असतं आणि ते हजारोंनी विकलं जातं, याच्यापासून जपा. त्याला लिंबाचा रससुद्धा सोसत नाही, आणि अंगठी सैल-घट्ट करताना सोनाराची ज्योत किंवा तेजाब लागलं तर काच बाहेर येऊन खडा पांढरट पडतो. सोनाराला आधीच सांगा, खडा काढून मगच डाग द्या.

बसवण आणि बिल

नवागामात घरोघरी बायका साडीचं काम करतात, धागे कापणं, खडे चिकटवणं. त्या हाताला उंच पंजाची अंगठी रोज धाग्यात अडकते. एक तर पंजा वाकतो, खडा सुटतो, नाही तर साडीचा धागा निघून मजुरी कापली जाते. अशा हातासाठी खड्याभोवती सोन्याची कड असलेली बंद बसवण घ्यावी. सोनं थोडं जास्त लागतं. हिऱ्याला त्यात किंचित उजेड कमी मिळतो. रंगीत खड्याला त्याने फारसा फरक पडत नाही, पाचूच्या तर कडाही जपल्या जातात. पेअर आणि मार्कीजचं टोक, प्रिन्सेसचे चारही कोपरे उघडे ठेवू नयेत.

सोन्याच्या वजनात खडा मोजला जातोय का हे पाहा. पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम. साडेचार कॅरेटचा पुष्कराज अंगठीसकट तराजूवर गेला आणि सगळं वजन सोन्याचं धरलं, तर जवळजवळ एक ग्रॅम सोन्याचे पैसे खड्यावर गेले, आजच्या भावाने दहा हजारांच्या वर, शिवाय त्यावर घडणावळ. बिलात सोन्याचं निव्वळ वजन आणि खड्याचं वजन वेगळं हवं. घडणावळ टक्क्यांत सांगितली तर ती फक्त सोन्यावर आहे, खड्याच्या किमतीवर नाही, हेही विचारून घ्या. १ एप्रिल २०२३पासून सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी सक्तीचा आहे. तो सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याबद्दल काहीच सांगत नाही. दागिन्यावर जीएसटी ३ टक्के, पैलू पाडलेल्या सुट्या हिऱ्यावर दीड टक्का.

नथीचं थोडं वेगळं आहे. नथीत मोत्यांच्या जोडीला लाल-हिरवे खडे येतात ते बहुतेक वेळा कृत्रिम किंवा काचेचे असतात, आणि तीन-चार मिलिमीटरच्या खड्याला ते चालतंही. तिथे अस्सल माणकाचा भाव लावलेला असेल तर कागद मागा. कागद नसेल तर काचेच्याच भावाने द्या. हिऱ्याच्या कुड्यांत सात खडे सारखे दिसणं महत्त्वाचं, तिथे एकेक हिरा श्रेणीने महाग घेण्यापेक्षा सातही जण एका पुडीतले, एका मापाचे आणि राउंड मागावेत.

बिलावर हे लिहून घ्या : खड्याचं नाव, नैसर्गिक की लॅबमधला, कॅरेट, लांबी-रुंदी-खोली, कट, केलेली प्रक्रिया, प्रमाणपत्राचा क्रमांक, आणि परत घेण्याची अट काय व किती दिवसांची. जळगावच्या पेढीतून घेतलंत तरी हेच लिहून घ्या, कारण परत द्यायला नवागामाहून ताप्ती लाइनने जावं लागणार. दुकानदार अडला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तक्रार करताना आधी विचारलं जातं ते बिलच.